बिनखुणेचं पाकीट

आप्पा घरी यायला निघाले ते चालत. चाकाची खुर्ची दवाखान्याच्या दारातच त्यांनी परत पाठवली होती. "ज्याला खरंच लागते त्याला द्या," असं त्या खुर्ची ढकलणाऱ्याला सांगून वर त्याला हात जोडले, आणि त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो रिकामी खुर्ची ढकलत गाडीपर्यंत मागेमागे आला. अकरा दिवसांत आप्पांनी हात जोडले नाहीत असा माणूस त्या इमारतीत उरला नव्हता. लादी पुसणारी, एक्स-रेवाला, रोज पहाटे सुई टोचून रक्त नेणारी मुलगी, सगळ्यांना. "अहो आजोबा, मी तुम्हाला टोचते आणि तुम्ही मला नमस्कार काय करता?" असं ती म्हणाली, तर आप्पा म्हणाले, "बाई, देव काय दर वेळी फुलंच घेऊन येतो?"

घरी आल्यावर ते खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत टेकले. त्यांच्या लेकीने, आक्काने, पाठीला उशी दिली, थोरल्या सुनेने पायाला शाल गुंडाळली, थोरल्या मुलाने पंखा एकावर आणला. आणि धाकटी सून दारातच उभी राहिली. खांद्यावर दवाखान्याची पिशवी, पिशवीत घरी सोडतानाचं कार्ड.

"तू इकडे ये," आप्पा म्हणाले. "लांब काय उभी राहतेस? ऐका रे सगळे. ही त्या दिवशी घरात नसती, तर या खुर्चीत आज माझा फोटो असता."

"आप्पा, पुरे," धाकटी म्हणाली.

"का पुरे? न्हाणीच्या दारात मी कोसळलो तेव्हा ह्या थोरल्याला वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. साखरेचं पाणी करत बसला होता. हिने नुसता माझा चेहरा पाहिला, नखं पाहिली आणि म्हणाली, आत रक्तस्राव होतोय, गाडी काढा. पंचवीस मिनिटांत मी टेबलावर. पोटात नळी घालून आतली रक्तवाहिनी बंद करतात, म्हणे! आमच्या वेळेला असं झालं की डॉक्टर बर्फ द्यायचे चघळायला आणि घरच्यांना बाहेर बोलवायचे."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. आक्काचे डोळे भरून आले होते, आणि आक्काचे डोळे भरणं ही साधी गोष्ट नव्हे. तीस वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती ती. धाकटीच्या नवऱ्याने, म्हणजे धाकट्याने, मागून हळूच तिच्या कोपराला स्पर्श केला. त्या स्पर्शाचा अर्थ तिला नेमका कळला: गप्प राहा. काल गाडीतही तो हेच म्हणाला होता. "बरे झाले ना ते? मग आता उकरून काय मिळवायचंय? असलेला आनंद नासवू नकोस."

आनंद. तो तर होताच. तिलाही होता, पण पुरता नव्हता.

कारण रक्तस्राव तिने ओळखला हे जितकं खरं, तितकंच हेही खरं होतं की तो तिच्याच हातून झाला होता.

गोष्ट फार छोटी. आप्पांना तीन वर्षांपासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ती सगळ्या घराला ठाऊक, तिला तर सर्वांत आधी. स्वतःच्या दवाखान्यात निघायच्या घाईत, एक पाय चपलेत असताना, आप्पांनी तिला सांगितलं होतं, "लघवीला जळजळ होतेय गं दोन दिवस." तिने बॅगेत हात घातला, औषध कंपनीच्या माणसाने नमुना म्हणून दिलेलं एक पाकीट काढलं, त्यांच्या हातावर ठेवलं. "सकाळ-संध्याकाळ एक, पाच दिवस." झालं. ती गोळी जळजळीवर उत्तम, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली की तिचं बळ दुप्पट-तिप्पट करते. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरलाही सांगता येतं. रोज चाळीस पेशंट तिच्यासमोर बसत आणि चाळिसांना ती लिहिण्याआधी विचारी: दुसरं काही औषध चालू आहे का? एक्केचाळिसाव्याला विचारलं नाही. तो घरचा होता. घरच्यांचा केसपेपर कुणी काढतं का?

दवाखान्यात तिने लपवलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, कारण त्यावर उपचार ठरायचे होते. तेव्हा ते लगेच कामाला लागले. आज कार्ड देताना मात्र त्यांनी तिला खोलीत बसवलं.

"घरी सांगितलंस?"

"नाही अजून."

"मंगळवारी ते तपासायला येतील. तोवर तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तुझे सासरे असतील, पण माझे पेशंट आहेत. स्वतःच्या शरीरात काय झालं ते माणसाला कळायला नको?" मग जरा थांबून, "मीही एकदा सांगितलंय गं. मरत नाही माणूस सांगून. वाटतं मात्र तसं."

तर अशी ती दारात उभी होती.

आक्काने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, कार्ड बाहेर काढलं आणि चष्मा लावून प्रगतिपुस्तक वाचावं तसं वाचायला लागली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा अतिपरिणाम," तिने मोठ्याने वाचलं. "म्हणजे काय? गोळी जास्त पडली."

थोरला गाडी चालवायला शिकवायचा. बावीस वर्षं शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला सवय लागली होती, पुढे धोका दिसला की तो पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. तो आत्ता दाबला गेला.

"आप्पांच्या गोळ्या कोण भरतं?" आक्काने विचारलं.

हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत होतं.

आप्पा चाळीस वर्षं कंपाउंडर होते. जुन्या डॉक्टरांकडे लाल-पिवळी औषधं बाटलीत भरायचे, बाटलीला कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायचे, पट्टीला डोसाप्रमाणे खाचा कापायचे. आणि शेवटच्या खाचेखाली एक बारीक खूण करायचे: गोल, गोलात ठिपका. डॉक्टर हसायचे, तुझी सही वाचतो कोण? आप्पा म्हणायचे, पेशंट बरा झाला तर कुणीच नाही. बिघडला तर पहिली तीच बघायची. ही खूण मग घरातही आली. या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा ती कुणी भरली त्याची खूण असे. थोरल्याचा त्रिकोण, आक्काची चांदणी, थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिने पान निवडलं, धाकटीने अर्धचंद्र. बाहेरच्यांना गंमत वाटे. घरच्यांना त्याशिवाय डबा उघडवत नसे. बोटं थरथरायला लागल्यापासून आप्पांच्या रोजच्या गोळ्यांची कागदी पाकिटं दर रविवारी थोरली भरायची, त्यांच्या नजरेसमोर, आणि प्रत्येकावर तारीख आणि पान काढायची.

"मी भरते," थोरली म्हणाली.

"मग?"

"मग काय, आक्का?"

"एखाद्या पाकिटात दोन पडल्या असतील. तुझं लक्ष कुठे असतं अलीकडे? मागे दूध दोनदा उतू घालवलंस."

"दुधाचा आणि गोळीचा काय संबंध?" थोरला म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. बायकोची बाजू घ्यायला तुला शिकवावं लागत नाही."

"अगं, मी नुसतं..."

"मी काही तिला फासावर देत नाहीये. पण आप्पांना मी आजच माझ्याकडे नेते. बॅग त्यांची तशी भरलेलीच आहे. तीन वर्षं ही गोळ्या भरतेय, पुष्कळ झालं. तिला तरी किती ओझं?"

हे शेवटचं वाक्य आक्का दयेनेच बोलली होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. धाकट्यानेही मान डोलावली. "थोडे दिवस बदल म्हणून बरंच आहे," तो म्हणाला. धाकटीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. जमीन मोजायचं काम करणारा माणूस तो, आयुष्यभर हद्दी आखत आला. आज आपल्या बायकोला हद्दीच्या आत ठेवायला त्याने भावजयीला बाहेर उभं केलं होतं. त्याची त्यालाही लाज वाटली असावी. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

आप्पा थोरलीकडे बघत होते.

थोरली स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "मी आठवून आठवून थकले," ती म्हणाली. "अकरा दिवस तेच करतेय. दर पाकीट डोळ्यांसमोर आणते. मला एकच गोळी दिसते. पण आक्का म्हणतात तसं... त्या रविवारी फोन आला होता मध्येच. माझ्याच हातून झालं असेल. आप्पा, मला माफ करा. ज्या हातानं वाढलं त्याच हातानं..."

तिने पदर डोळ्यांना लावला.

आता खरं सांगायचं तर धाकटीने याआधी दहा वेळा बोलायचं ठरवलं होतं. वाक्यंही तयार केली होती. त्यात 'दुर्दैवाने' होतं, 'क्वचित होणारा परिणाम' होता. या क्षणी त्यातलं एकही तिला आठवलं नाही.

"वहिनी, रडू नका," ती म्हणाली. "तुम्ही नाही. मी केलं ते."

"काय केलंस?" आक्का म्हणाली.

"जळजळीवर आप्पांना पाकीट दिलं होतं ना मी, जाता जाता? ती गोळी त्यांच्या गोळीबरोबर चालत नाही. दोन्ही एकत्र घेतल्या की असंच होतं. मला माहीत होतं. माहीत असून माझ्या लक्षात आलं नाही. मी विचारलंच नाही, मी लिहिलंच नाही, उभ्या उभ्या दिलं."

"पण तूच तर वाचवलंस," थोरला म्हणाला.

"हो. ओळखता आलं कारण गाडीत बसायच्या आधीच मला कळलं होतं काय झालंय."

धाकटा खिडकीतून वळला. "हे बघा, ती थकलीये, स्वतःला उगाच..."

"तू गप रे," आप्पा म्हणाले. किती हळू म्हणाले! पण तो गप्प झाला. "थोरले, माझा डबा आण."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. औषधाचा कोर्स पुरा होईपर्यंत आप्पा रिकामं पाकीट टाकत नसत. सगळं त्या डब्यात जाई. त्यांनी तो मांडीवर उपडा केला. बारीक बारीक कागदी पाकिटं शालीवर पसरली. थरथरत्या बोटांनी त्यांनी ती एकेक उलटून पाहिली. पान. पान. पान. तारीख आणि पान. मग त्यांच्या बोटाशी एक चकचकीत पाकीट आलं, सहा घरं फोडलेली, चार भरलेली. त्यांनी ते उलटलं. पुन्हा उलटलं.

"याच्यावर खूण नाही," ते म्हणाले.

"माझं आहे ते," धाकटी म्हणाली.

"खूण नसलेलं मी घेतलं." हे ते स्वतःशीच बोलले. "चाळीस वर्षं दुसऱ्याला सांगितलं, आणि स्वतः घेतलं. का, तर सुनेनं दिलंय." मग मान वर केली. "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हता."

"दुसऱ्या दिवशी होतो."

धाकटीला खाली बसावंसं वाटलं. ती त्यांच्या पायाशी, जमिनीवरच बसली. "दुसऱ्या दिवशी तुम्ही सिस्टरला सांगत होता, ही माझी सून, हिने मला परत आणलं. मग रोजच सांगायला लागलात. रोज एक दिवस जास्त कठीण झालं."

"म्हणजे माझे आशीर्वाद तुला टोचत होते."

"हो."

"अकरा दिवस?"

"हो, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर राग होता, नाही असं नाही. म्हाताऱ्या माणसाचा राग उकळून बाहेर येत नाही, चेहऱ्यावर नुसती वाफ धरते. सगळे ती वाफ निवायची वाट बघत राहिले. आक्काने कार्ड घडी केलं, परत उघडलं, परत घडी केलं.

"थोरले," आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "न केलेल्या गोष्टीची माफी पुन्हा मागितलीस तर मी खरंच आक्काकडे जाईन राहायला."

थोरली रडता रडता फस्सकन हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" आक्का म्हणाली. मग तिलाच कळलं, आणि तिचा चेहरा पडला. ती उठली. थोरलीजवळून जाताना क्षणभर थांबली. माफीचा शब्द आक्काच्या तोंडून कधी निघाला नव्हता आणि आजही निघाला नाही. ती एवढंच म्हणाली, "सर बाजूला. चहा मी टाकते. आणि दूध माझ्या हातूनही उतू जातं, सांगून ठेवते."

"जाऊ दे उतू," थोरली म्हणाली.

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. आप्पांनी डोळे उघडले.

"मीही एकदा चुकलोय," ते धाकटीला म्हणाले. "शेजारशेजारच्या दोन बाटल्या, दोन्ही लाल. तापाच्या ऐवजी दुसरंच भरून दिलं, पाच वर्षांच्या पोरीला. तासाभराने कळलं. डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, चल. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, तिच्या घरी. मी म्हटलं, तुम्ही कशाला, चूक माझी. म्हणाले, दवाखान्यावर पाटी कुणाच्या नावाची आहे?"

"मग?"

"मग काय, गेलो. पोरीला उलट्या करवल्या, रात्र होईपर्यंत बसलो. पोरगी बचावली. तिच्या आईने आम्हाला दोघांना असं बोलून घेतलं की विचारू नकोस. डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते, एवढा मोठा माणूस. मला वाटलं, हे घर गेलं आपल्या हातून. आणि नऊ दिवसांनी तीच बाई दारात उभी. हातात ती बाटली, स्वच्छ धुतलेली. म्हणाली, खोकल्याचं भरून द्या." आप्पा हसले. "धुतलेली बाटली बघून मी आत जाऊन रडलो होतो. देवाची शपथ."

धाकटीने त्यांच्या पायावरची शाल सारखी केली, सारखी असलेली.

"तुला मी जे आशीर्वाद दिले ना," आप्पा म्हणाले, "ते परत घेत नाही. नळी घालणारे हात, पंचवीस मिनिटं, ते सगळं खरंच आहे. पण ते अर्धं होतं. अर्ध्याचे आभार मानत होतो मी. आज पुरते मानतो. उठ आता. कागद आण."

"कसला कागद?"

"केसपेपर काढ माझा."

"आत्ता?"

"का? वेळ संपली का दवाखान्याची? उठ. आणि जमिनीवर बसून पेशंट तपासतात का? खुर्ची घे."

थोरल्याने पळत जाऊन खुर्ची आणली. त्याचा पाय आता मोकळा होता. धाकट्याने आपल्या मोजणीच्या वहीतलं एक आखीव पान फाडलं आणि बायकोसमोर धरलं. "माझं चुकलं," तो पुटपुटला. "वहिनी, तुमच्या बाबतीत तर फारच."

"चहा घ्या भाऊजी," थोरली म्हणाली, आणि तो विषय त्या घरात तिथेच संपला.

धाकटीने पेन उघडलं.

"नाव," ती म्हणाली.

आप्पांनी स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं सगळं नीट सांगितलं, जणू ती आज पहिल्यांदाच भेटत होती. वय सांगितलं. थोरल्याने दोन वर्षं दुरुस्त केली. आप्पा म्हणाले, "पेशंटला बोलू दे."

"पूर्वीचे आजार?"

त्यांनी सांगितले. तिला ठाऊक नसलेलाही एक निघाला, तरुणपणचा. आठ वर्षं ती या माणसाच्या घरात जेवत होती आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

"दुसरं काही औषध चालू आहे का?"

प्रश्न विचारताना तिचा आवाज फुटला. आप्पांनी तो फुटू दिला, मग उत्तर दिलं. एकेक गोळी, तिची वेळ, तिचा रंग. थोरली मागे उभी राहून पडताळत होती, आणि आक्का चहाचा कप हातात धरून, न देता, ऐकत होती.

"आणखी काही सांगायचंय?" धाकटीने विचारलं. हाही ती रोज विचारायचा प्रश्न.

"आहे ना. चार पिशव्या रक्त दिलं मला. कुणाचं विचारलं तर म्हणतात, सांगता येत नाही, नियम आहे. नुसते नंबर. ते मी सिस्टरकडून लिहून घेतलेत." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली. "रोज जेवायच्या आधी हे चार नंबर म्हणतो. देवाला कळतं कोण ते. हे पण लिही त्यावर."

तिने चारही नंबर लिहिले. मग पानाच्या तळाशी, सगळ्यात शेवटच्या ओळीखाली, एक छोटा अर्धचंद्र काढला.

आप्पांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, डिंक लावलेल्या पट्टीवर फुंकायचे तशी शाईवर हलकी फुंकर मारली. मग ते चकचकीत पाकीट त्यांनी तिच्या पुढे केलं.

"यावरही," ते म्हणाले. "उशिरा का होईना."

तिने चंदेरी पाठीवर, जिथे पेन नीट उमटत नव्हतं तिथे, तीनदा गिरवून खूण केली. आप्पांनी केसपेपर आणि पाकीट दोन्ही डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"आक्का," त्यांनी हाक मारली, "माझी बॅग उघड आणि तुझीही आण. राहा दोन दिवस. आणि तो चहा मला द्यायचाय की नुसता दाखवायचाय?"